सात स्क्रू, आठ भोकं

माझ्या डाव्या गळपट्टीच्या हाडावर एक प्लेट बसवलेली आहे. प्लेटला भोकं आठ आणि स्क्रू सात. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, नवऱ्याने एक्स-रे बघून सांगितलं. त्यानंतरचा अख्खा हिवाळा मी जशी घाबरून राहिले तशी आयुष्यात कधी राहिले नव्हते.

मी काही भित्री बाई नाही. पेणच्या डेपोत मी कंडक्टर आहे, बरीच वर्षं पेण-रोहा गाडीवर. शिमग्याच्या गर्दीत टुन्न होऊन चढलेल्याला मी दंडाला धरून खाली उतरवलेलं आहे, आणि वर त्याच्या गावाचं नाव काढून चारचौघांत त्याची लाजही काढलेली आहे. पण या कामाचं एक आहे. डावा हात कायम वरच्या दांड्याला लागतो आणि उजवा तिकिटाच्या मशीनवर. चालत्या गाडीत दांडा धरता आला नाही की कंडक्टर संपला. मग डेपोत खुर्चीवर बसून कागद फिरवायचे. त्याला लाईट ड्युटी म्हणतात, आणि मला ती शिक्षा वाटते.

दिवाळीची गर्दी ओसरली होती. भिसे खिंडीतला रोह्याकडचा उतार लागला होता. एका बाईची जड पिशवी मी वरच्या फळीवर सरकवत होते, त्यामुळे नेमके दोन्ही हात पिशवीला. समोर वासरू आलं आणि चाचांनी ब्रेक दाबला. चाचा म्हणजे आमचे ड्रायव्हर, रोह्याच्या बाजूचेच, माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांची काही चूक नव्हती, वासराचीही नव्हती. मी मागून पुढे फेकली गेले आणि सीटच्या लोखंडी कोपऱ्यावर खांद्याने आपटले. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी लगेच उठले आणि म्हटलं, "काय नाय, चला चाचा." लाजच वाटली, कंडक्टर असून पडले म्हणून.

मग सहज उजवा हात खांद्याजवळ नेला. शर्टाच्या आत, जिथे सपाट असायला हवं तिथे काहीतरी टोकदार वर आलं होतं आणि ते माझ्या श्वासाबरोबर हलत होतं. 

चाचा सीटवरून उठून मागे आले. बघून त्यांनी तोंड फिरवलं, मग परत बघितलं.

"ताई, तो हात खालून दुसऱ्या हाताने उचलून धर. सोडू नको. रोह्यापर्यंत गाडी मी अशी नेतो की पाणी नाय हलणार."

त्यांनी तशी नेली. पण रोह्याचा रस्ता तो, आणि गाडी आमची ती. प्रत्येक खड्ड्याला हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासत होती आणि मला ते कानाने नाही, दातांत ऐकू येत होतं. रोह्याच्या दवाखान्यात हात झोळीत बांधला आणि सांगितलं की पेणला हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तोवर नवरा कंपनीतून आला होता.

नवरा नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत फिटर आहे. पाईप, पंप, व्हॉल्व्ह, नट-बोल्ट यांतच त्याचं अर्धं आयुष्य गेलं. घरात कुकरची शिट्टी नीट वाजली नाही तरी हा पाना घेऊन बसतो. माणूस चांगला आहे, पण जगातली प्रत्येक गोष्ट कुठून गळेल याचाच विचार आधी करतो.

पेणचे डॉक्टर तरुण होते आणि बोलायला सावकाश. एक्स-रे दाखवून म्हणाले, "टोकं एकावर एक चढलीत, आणि हे वरचं टोक कातडीला आतून ढकलतंय. पुष्कळांचं झोळीत ठेवून जुळतं. तुमचं नीट जुळेल असं मला वाटत नाही. शिवाय तुम्हाला हात वर लागतो. प्लेट बसवू."

"या हाडाच्या मागे काय असतं?" मी विचारलं.

"मागे हाताची मोठी रक्तवाहिनी. नसा. खाली फुप्फुस."

मी वडखळ, नागोठणे, भिसे खिंड जशी सांगते तसंच सांगितलं त्यांनी. मग नवऱ्याने गळा साफ केला.

"साहेब, एक विचारू? भोक पलीकडे पडतं तेव्हा ड्रिल झटक्यात आत जातं. दाब एकदम सुटतो ना. लोखंडात चालतं, मागे हवाच असते. इथं मागे ही सगळी लाईन. तुम्ही कसं धरता?"

डॉक्टरांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, हाडाच्या मागून एक पातळ पट्टी सरकवतात, ड्रिल गेलंच तर तिच्यावर अडतं. नवरा म्हणाला, "म्हणजे बॅकिंग." डॉक्टर म्हणाले, "तेच." दोघं खूश. मी मधे बसलेले, हात झोळीत, आणि हे दोघे माझ्याबद्दल एखाद्या पंपाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

"माझ्यासमोर नको हो," मी ओरडलेच. "मला बाहेर काढा आणि मग काय ते ठरवा."

ऑपरेशनच्या सकाळी मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या खिशात दिलं. गळा मोकळा झाला आणि त्या मोकळ्या गळ्याची मला भीतीच वाटली, कारण बरोबर तिथेच कापायचं होतं. मला नेलं त्या खोलीच्या खिडकीतून शेजारचा गणपतीचा कारखाना दिसत होता. फळीवर नुसते हात वाळत ठेवलेले, मूर्तीला नंतर जोडायचे म्हणून. एरवी रोज बघते मी ते. त्या दिवशी मान फिरवली.

भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठल्या गाडीवर असता?" मी म्हटलं, पेण-रोहा. "मग सांगा बघू स्टॉप." मी पेण सांगितलं, रामवाडी सांगितलं, वडखळ सांगितलं. पुढे नागोठणं येतं हे माहीत होतं, पण ते काही आलं नाही.

जाग आली तेव्हा आधी बोटं हलवून पाहिली. हलली. मग रडून घेतलं. टाक्यांच्या खाली तळहाताएवढी जागा बधिर झाली होती. बोट लावलं तरी ते दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, कातडीकडे जाणाऱ्या बारीक नसा वाटेत येतात, असं होतं, हळूहळू कमी होईल. ठीक आहे, म्हटलं. मी सुटले असंच वाटत होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने ऑपरेशननंतरचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मी सोफ्यावर उशांना टेकून बसले होते. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण पाठ दिसत होती, आणि मला त्याची पाठ वाचता येते.

"काय झालं?"

"काय नाय."

"बोला."

"एक बोल्ट ऱ्हायलाय."

मला कळेचना. त्याने फोटो माझ्यासमोर आणला. पांढरी पट्टी, तिच्यातून खाली गेलेले पांढरे स्क्रू, आणि मधोमध एक भोक, काळं, गोल, आरपार रिकामं. मग तो सांगत सुटला. कंपनीत दोन पाईप जोडायला चकत्या असतात, त्यांना कडेने बोल्ट. एक जरी भोक रिकामं दिसलं तरी ती लाईन चालू करत नाहीत, करणाऱ्याची खैर नसते. कारण एक नसला की बाकीच्यांवर लोड येतो. मग त्यातला एक सैल होतो. मग त्याच्या शेजारचा.

"आणि मग?"

"मग काय? अगो, मी आपलं पाईपाचं सांगतोय."

पाईपाचं सांगतोय म्हणे! माझ्या गळ्याखाली, फुप्फुसाच्या वर सात स्क्रू एकेक करून सैल होताहेत हे चित्र त्याने माझ्या डोक्यात घातलं आणि वर हे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लावा. त्याने फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"विचारलं तर काय करतील? चूक झाली म्हणतील तर परत उघडतील."

परत उघडतील. त्या दोन शब्दांनी माझी पाचावर धारण बसली. परत तो मोकळा गळा, परत ती सुई, परत मागून सरकवलेली ती पट्टी. मी म्हटलं, नको. राहू दे. तो म्हणाला, "आपण लोडच नाय द्यायचा. लोड नसला तर सातांवर निभतं." दोन शहाणी माणसं, पण ठरवलं ते हे. डॉक्टरांना काही विचारायचं नाही, आणि हात हलवायचा नाही.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता वाकून हात लोंबता सोडायचा, हळू झुलवायचा, मग भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायचा, किती न्यायचा ते मी सांगत जाईन. मी मान डोलावली. नवऱ्यानेही डोलावली. बाहेर आल्यावर त्याने झोळी आणखी एक बोट घट्ट केली.

मग मी रोह्याला आईकडे गेले, कारण नवऱ्याच्या शिफ्ट आणि मला एका हाताने भाकरीही जमेना. तिथे मी काय जगले ते मलाच ठाऊक. शिंक आली की आधी डाव्या खांद्याला उजव्या हाताने कवटाळायचं आणि मग शिंकायचं. कुशीवर झोपायचं नाही. आंघोळीला झोळी काढली तरी कोपर बरगडीला चिकटवून ठेवायचं. घरात कुठे काही खट वाजलं, कडी, डबा, पंखा, की माझा उजवा हात खांद्यावर जायचा. सुटला वाटतं एक. मग मी आरशासमोर जाऊन व्रणावरून बोट फिरवायचे, प्लेटची कड कातडीखाली लागायची, आणि बधिर जागेवर तर काहीच कळायचं नाही. तिथे आत काय चाललंय ते मला माझं कळत नाही, याची भीती सगळ्यात वाईट.

डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं, गेले नाही. फोन आला, "व्यायाम करता ना?" मी म्हटलं, "करते." धादांत खोटं. खरं सांगितलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

आई बघत होती. माझे केस तीच विंचरायची. एकदा विंचरता विंचरता म्हणाली, "बाय, किती दिस बांधून ठेवशील गो? हात हाय का खुंटीवरचा सदरा?"

"तुला नाय कळत," मी तिला झिडकारलं.

संक्रांत आली. आईने हळदीकुंकू केलं आणि मी कोपऱ्यात पाटावर बसून राहिले, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. बायका येत होत्या, तिळगूळ देत होत्या, आणि मी प्रत्येकीच्या कोपरावर नजर ठेवून होते.

त्याच आठवड्यात चाचा आले. गाडी रोहा स्टँडला उभी होती, मधल्या वेळात पाव घेऊन भेटायला आले. हालहवाल झाली, चहा झाला. मला म्हणाले, "डेपोत विचारतात, बाई कधी येतील? मी बोलतो, येतील. आता हाय ना बरा? जरा वर करून दाखव, मी जाऊन सांगतो."

इतक्या साध्या शब्दांत मला कुणी विचारलंच नव्हतं. मी झोळीतून हात काढला. आज एकदाच, म्हटलं, चाचांसाठी, अगदी हळू. आणि हात वर नेला.

तो गेला नाही.

दुखलं म्हणून मी थांबवला असं नाही. तो गेलाच नाही. कोपर अंगापासून वीतभर सुटलं आणि पुढे खांदा, मान, अख्खी पाठ तिरकी व्हायला लागली, पण हात तिथेच. दार आतून कडी लावलेलं असावं तसा. मी जोर केला, तरी तिथेच. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले, खिंडीत पहिल्यांदा बघितल्यावर बघायला लागले होते तसे.

तोवर मी भोकाला भीत होते. त्या क्षणापासून मी हाताला भ्यायला लागले, आणि ही भीती निराळी होती. मी परत कधी गाडीवर चढणार नाही हे मला पहिल्यांदा खरं वाटलं.

"चाचा, तुमची गाडी पेणला कधी निघते?"

मी त्यांच्याच गाडीने गेले. नवऱ्याला कळवलं नाही. दाराजवळच्या सीटवर बसले आणि पूर्ण रस्ताभर नव्या कंडक्टर मुलीचा दांड्यावरचा हात बघत राहिले.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. त्यांनी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "साहेब, यात एक भोक रिकामं आहे."

"हो."

"राहिलंय का?"

मग पेन घेऊन त्यांनी त्या काळ्या गोलाखाली टेकवलं. "हाड मोडलं ती जागा बरोबर ही. इथं खाली धरायला सलग हाडच नव्हतं, फट होती. स्क्रू घातला असता तर तो फटीत गेला असता आणि जुळायची जागाच बिघडली असती. मुद्दाम सोडलंय." मग त्यांनी विचारलं, "हे मिस्टरांनी पाहिलं का?"

मी मान डोलावली. आणि सगळं सांगितलं. लाईन, बोल्ट, लोड, झोळी, फोनवरचं खोटं, सगळं.

ते हसले नाहीत. हसले असते तर मला परवडलं असतं. म्हणाले, "अहो, पाईप काय आपला आपण जुळतो? हाड जुळतं. प्लेट ते जुळेपर्यंत धरून ठेवते, एवढंच. हे बघा, जुळलंय. छान जुळलंय. खांदा मात्र अडकवून ठेवलात तुम्ही."

"वर जाईल?"

"बराचसा जाईल. कितपत, ते आज नाही सांगत."

घरी जाऊन मी नवऱ्याला उभ्या उभ्या सांगितलं. त्याने जुना एक्स-रे काढला, परत खिडकीशी धरला. "मुद्दाम?" त्याने दोनदा विचारलं. मग तो खाली बसला. "मुद्दाम कोण भोक सोडतं गो?" असं काहीतरी पुटपुटला. मला त्याला फाडून खायचं होतं, इतका राग आलेला. पण मीही त्याच्याइतकीच ते ऐकून बसले होते, आणि तो इतक्या पडेल चेहऱ्याने बसला होता की मी आत जाऊन भांडी आपटली, एका हाताने जेवढी आपटता येतात तेवढी.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. पेणमध्येच, एक मुलगी होती, हसरी, पण हाताने कसाई. रोज ती हात थोडा वर न्यायची आणि रोज मी किंचाळायचे. खांद्याच्या रेषेपर्यंत आला. मग कानाच्या पाळीपर्यंत. आणि तिथे जो अडला तो पुढे सरकेना. डेपोतून निरोप आला होता, येत्या सोमवारी तपासणीला या, हात पूर्ण वर होत नसेल तर ऑफिसात बसवू. लाईट ड्युटी. सोमवार दोन दिवसांवर आला तरी कानाच्या पाळीशीच.

त्या दिवशीही नवरा बरोबर आला होता. येऊन दाराशी उभा राहायचा, आत यायचा नाही. फिजिओ मुलगी म्हणाली, "ताई, खांदा सुटलाय आता. झोपवून मी नेते तेव्हा तो वर जातो. उभं राहून तुम्ही धरून ठेवता." मी म्हटलं, मी नाही धरत. "धरता. काका, तुम्ही या. कोपर खालून धरा आणि वर न्या."

"माझ्याने नाय व्हायचं," नवरा म्हणाला.

"या इकडे!" मी ओरडले.

तो आला. एक हात माझ्या कोपराखाली घातला, आणि दुसरा, मी सांगितलं नव्हतं तरी, प्लेटवर ठेवला. ऑपरेशन झाल्यापासून त्याने ती जागा एकदाही हाताळली नव्हती. बधिर कातडीलाही कळलं की त्याचा हात कापतोय. कंपनीत मोठमोठे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, आणि माझा किडमिडीत हात उचलताना घामाने भिजला होता. तेव्हा मला दिसलं की इतके महिने मी एकटी घाबरत नव्हते. तो कंपनीत मशीनसमोर उभा राहून घाबरत होता, घरी जेवताना घाबरत होता, आणि मला दिसू नये म्हणून झोळी घट्ट करत होता.

"न्या," मी म्हटलं.

कानाची पाळी आली. तो थांबला. मीही थांबले होते, हे मला त्याच्या हातातून कळलं.

"तुटलं बिटलं तर?" अगदी माझ्या कानाशी, हळू.

"जुळलंय ते. न्या म्हणते ना."

त्याने नेला. खांद्यात काहीतरी सणसणत सुटलं, माझे डोळे भरले, आणि हात कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, बोटं सरळ छताकडे. फिजिओ मुलीने टाळी वाजवली. नवऱ्याने प्लेटवरचा हात काढला नव्हता, पण कोपराखालचा त्याचा हात कधीच सुटला होता.

"बस, बस. आण आता खाली," तो म्हणाला. "लोड येईल."

मी आणला नाही.